गणितातला दूधवाला

नाही, पण मी म्हणतो, जगात दुसरे धंदे नाहीत का हो? सुतार आहेत, गवंडी आहेत, न्हावी आहेत, वकील आहेत... वकील तर काय, ढिगानं आहेत! मग एका तरी पुस्तकात 'एका वकिलाने चाळीस लिटर खऱ्यात किती लिटर खोटं मिसळावं' असं कुणी विचारलंय? नाही विचारणार! भांडं आलं की दूध आलं, दूध आलं की पाणी आलं, आणि पाणी घालणारा कोण? दूधवाला! शी शी शी! अहो, किळस आली मला. रोज सकाळी ते पुस्तक हातात घेतलं की आंबलेल्या फडक्याचा वास आल्यासारखं वाटतं मला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं अंगाला का लावून घेतो हा माणूस? अहो, मी दूधवाला आहे! कोपऱ्यावर दुकान आहे माझं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे आमचं घर. वडिलांनी दुकान हातात देताना उपदेश असा केलाच नाही, फक्त एक दाखवलं. भांडं धुतल्यावर ते उपडं घालायचं, पार निथळू द्यायचं, आणि सकाळी दूध ओतायच्या आधी कोरड्या फडक्यानं आतून पुसायचं. म्हणाले, 'धुण्याचं पाणीसुद्धा दुधात जाता कामा नये. ते पण पाणीच.' तेव्हापासून आजपर्यंत माझ्या दुकानात भांडी उपडी. बायको वैतागते, म्हणते, 'तान्ह्या पोराला पुसावं तसं पुसता हो तुम्ही त्या कॅनला! पोरीला कधी पुसलं नाहीत असं!' आणि असल्या माणसानं रोज सकाळी मोठ्यानं काय वाचायचं? तर 'एक अप्रामाणिक दूधवाला'!

का वाचायचं, ते सांगतो. आमची पोरगी. एकुलती एक. तिला जायचंय अन्नतपासणीच्या कॉलेजात. म्हणजे कशात काय भेसळ आहे ते नळ्याबिळ्या घेऊन शोधायचं, त्याचं शिक्षण. दूधवाल्याच्या पोटी दूध तपासणारी आली, आता बोला! पण हुशार आहे हो, जात्याच हुशार. फक्त घाई फार. प्रश्नात चाळीसला चार लिहिलंय की चाराला चाळीस, हे बघायच्या आत हिचं उत्तर तयार. त्या घाईपायी मागच्या वर्षी प्रवेश परीक्षेत हुकली, अगदी हातातोंडाशी आलेलं गेलं. दोन दिवस जेवली नाही. मग तिची तीच म्हणाली, 'बाबा, यंदा शेवटचं. नाही जमलं तर तुमच्या शेजारी काउंटरवर उभी राहीन.' म्हणाली अशी, की मला माझ्याच काउंटरची चीड आली.

म्हणून क्लास लावला. क्लासच्या सरांना सगळे मिनिटसर म्हणतात, कारण त्यांचं सगळं मिनिटात. गणित मिनिटात, चहा मिनिटात, पालकांची भेट मिनिटात. मी समोर बसतोय न बसतोय तोवर म्हणाले, 'मुलगी वाचताना घसरते. तिला वाचू देऊ नका. घरात कुणीतरी मोठ्यानं, स्पष्ट, एकदाच वाचायचं, तिनं ऐकून सोडवायचं. कान पक्का झाला की डोळा पक्का होतो. आणि हो, प्रश्नाशी भांडायचं नाही! आकडे उचलायचे, उत्तर टाकायचं. झालं मिनिट, या!' आता घरात मोठ्यानं कोण वाचणार? बायकोचा आवाज पडद्यापर्यंत पोचत नाही... म्हणजे असं ती म्हणते, माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचतो. तर आलं माझ्या गळ्यात.

झालं सुरू. मी काउंटरवर, पुस्तक साखरेच्या डब्याला टेकवलेलं. पडद्यामागे पोरगी वही-पेन्सिल घेऊन. पहिलंच गणित. 'एका भांड्यात चाळीस लिटर दूध आहे. दूधवाल्याने त्यातून चार लिटर दूध काढून तेवढंच पाणी घातलं. असं त्याने तीनदा केलं...' तीनदा! अहो, एकदा माणसाच्या हातून चूक होते, दुसऱ्यांदा मोह होतो असं धरा, पण तीनदा? हा दूधवाला आहे की दरोडेखोर? मी म्हटलं, 'हे गणित सोड, दुसरं घेऊ.' तर पडद्यामागून, 'बाबा, भांडायचं नाही! शिल्लक दूध एकोणतीस पूर्णांक सोळा शतांश लिटर!' म्हणजे लबाडी करायची ती करायची, वर दशांशचिन्ह देऊन!

पुढचं काय, तर 'एक अप्रामाणिक दूधवाला आपण खरेदीच्याच भावाने दूध विकतो असे सांगतो, परंतु...' परंतु! ते परंतु आलं की मी पुस्तक लांब धरतो. त्या परंतुनंतर कधी चांगलं आलंय? 'परंतु त्याने गरिबांना फुकट वाटलं' असं आलंय कधी? परंतु पाणी! आणि पाणी घालणारा कोण? दूधवाला!

मी म्हटलं, हे अंकगणितच नासकं. आपण भौतिकशास्त्र घेऊ. त्यात कसं, दगड असतात, दोऱ्या असतात, कप्प्या असतात. धडा काढला उष्णतेचा. 'वीस अंश तापमानाच्या दुधात ऐंशी अंशाचं तेवढंच पाणी ओतलं...' अरे! इथे पण ओतलं? आणि गरम करून ओतलं? पोरगी म्हणते, 'पन्नास अंश, बाबा.' मी म्हटलं, अगं, तापमान राहू दे, असलं कोमट पाणचट तोंडात तरी धरवेल का कुणाला? घनतेचा धडा काढला, तर दुधाची घनता भरली कमी. का भरली कमी? एक तृतीयांश पाणी! तिसरा हिस्सा, हो! मग मी वेळ आणि वेग काढला. म्हटलं, आता आगगाडी येईल, खांब ओलांडेल, पूल ओलांडेल, गाडीत दूध असलं तरी आपल्याला दिसणार नाही. तर पहिल्याच ओळीत, 'एक दूधवाला सायकलवरून ताशी बारा किलोमीटर वेगाने निघाला, तर तो दहा मिनिटे उशिरा पोचतो.' उशिरा! आयुष्यात मला उशीर झाला नाही हो, तापात फणफणलो होतो तरी शटर वेळेवर वर! मी तणतणत म्हटलं, 'का उशिरा? का?' तर आमची बायको भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणते, 'पाणी घालण्यात वेळ गेला असेल.'

घरातून असा पाठिंबा!

राहता राहिलं रसायनशास्त्र. मी म्हटलं, रसायनं म्हणजे आम्लं, क्षार, गंधकबिंधक. बाटलीबंद कारभार, तिथे आपला काय संबंध? उघडलं पान. 'दूधवाला ताज्या दुधात खायचा सोडा का घालतो?' का घालतो म्हणजे? अहो, घालतो का, हे विचारा की आधी! सरळ गुन्हा कबूल धरून पुढचं बोलायचं, ही कुठली रीत? कोर्टात सुद्धा असं करत नाहीत. पोरगी पडद्यामागून धडाधडा म्हणते, 'दूध लवकर आंबू नये म्हणून, बाबा! आणि पीठ मिसळलं असेल तर आयोडीननं निळं होतं, आणि युरिया असेल तर...' मी म्हटलं, 'बास! माझं जेवण व्हायचंय अजून!' शी! मला तर दोन दिवस चहा पिववेना. माझ्याच दुकानचं दूध, माझ्याच हातानं तापवलेलं, तरी कपात बघितलं की वाटायचं, निळं होतंय की काय.

आणि मग ती सकाळ उजाडली. गर्दी नुकती ओसरली होती. रस्त्यावर गाड्यांचा हा गोंगाट, म्हणून मी घसा ताणून विचारतोय, 'चाळीस लिटर दुधात किती पाणी घालावं, म्हणजे मिश्रणात वीस टक्के पाणी होईल?' आतून खणखणीत आवाज, 'दहा लिटर, बाबा!' मी खूश! म्हटलं, 'शाब्बास! मिनिटाच्या आत! हाच वेग ठेव, ऐनवेळी बोटं मोजत बसू नकोस!' आणि मान वर करतो तर समोर हेडक्लार्क.

हेडक्लार्क म्हणजे आमच्या गल्लीतले, रिटायर झालेत, पण रिटायर फक्त कचेरीतून. गल्लीचा सगळा कारभार अजून त्यांच्याच टेबलावर. हातात किटली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, किटलीत बघितलं. म्हणाले, 'चालू द्या, चालू द्या... पोरीलासुद्धा तयार करताय वाटतं.' आणि रिकामी किटली घेऊन चालायला लागले! मी काउंटरवरून अर्धा बाहेर, 'अहो साहेब! गणित आहे ते, गणित!' तर मागून आलेली एक बाई म्हणाली, 'ते कळलंच आम्हाला, चांगलं पक्कं गणित आहे!'

खल्लास. दुसऱ्या दिवशी अर्धी गिऱ्हाईकं गायब. जी आली, ती दूध घेऊन उजेडात धरून बघायला लागली. एकीनं तर माझ्यासमोर बोट बुडवलं, नखावर थेंब धरला, ओघळतो का बघत उभी! अहो, माझ्या वडिलांच्या दुकानात! अशी घाण वाटली ना मला त्या क्षणी... त्या बाईची नाही, त्या पुस्तकाची. गणित लिहिणारा गेला आपल्या घरी जेवून झोपायला, आणि इकडे उजेडात कोण धरला गेला? मी!

मग मी एक शक्कल काढली. माणूस अडला की शक्कल काढतो, आणि शक्कल काढली की आणखी अडतो. मी वाचताना धंदेच बदलायला लागलो. 'एका हेडक्लार्कने चाळीस लिटर शाईत...' आतून पोरगी, 'बाबा, चाळीस लिटर शाई कुणाकडे असते?' मी म्हटलं, 'असते! भांडायचं नाही!' पण जमेना हो. शाईत पाणी घातलं की हिला हसू येतं, हसू आलं की आकडा चुकतो. शेवटी मी ती पानंच वगळली. सरळ त्रिकोण, कप्प्या, घसरत्या शिड्या. गिऱ्हाईकं हळूहळू परतायला लागली, दुकान सावरलं, मी म्हटलं सुटलो.

कुठला सुटतोय! क्लासमध्ये सराव परीक्षा झाली आणि मिनिटसरांचं बोलावणं आलं. पेपर समोर आपटला. 'कप्प्या उत्तम. त्रिकोण उत्तम. मिश्रणाची गणितं सराव तुटल्यासारखी, सगळी चूक! दर वर्षी येतात ही, हुकमी गुण असतात! दूधवाल्याची मुलगी, आणि दुधात पाणी घालता येत नाही?' मी म्हटलं, 'सर, तेच तर जगाला ओरडून सांगतोय मी, येत नाही!' म्हणाले, 'मग प्रवेश विसरा. झालं मिनिट, या!'

घरी आलो. पोरीला कळलंच होतं. मोरीत बसून भांडी धूत होती. धुतली, एकेक उपडी घातली, माझ्याकडे न बघता म्हणाली, 'बाबा, तुम्ही नका वाचू ती गणितं. आजोबांचं दुकान आहे. मी बसेन की काउंटरवर, त्यात काय?' त्यात काय म्हणे! मागच्या वर्षी दोन दिवस जेवली नव्हती ही पोर, आणि आता माझं नाव राहावं म्हणून स्वतःच्या कॉलेजावर पाणी सोडायला निघाली होती! मला त्या मिनिटसरांचा राग आला, पुस्तकाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. वगळली कुणी होती पानं? मी. नाव जपायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीत, अगदी दारापर्यंत माणसं असताना, मी पुस्तक उघडलं. हेडक्लार्क पण होते, त्यांनी नुकतंच परत दूध सुरू केलं होतं, पण उपकार केल्यासारखं, अर्धाच लिटर. आणि मी जो काही आवाज लावला म्हणता! 'एक अप्रामाणिक दूधवाला!' बायको पडद्यातून डोकावली, म्हणाली, 'अहो, हळू!' मी म्हटलं, हळू नाही! 'चाळीस लिटर दूध! चार लिटर काढलं, तेवढंच पाणी घातलं! तीनदा! पाणी घालणारा कोण? दूधवाला! उजेडात धरा, नखावर धरा, काय करायचं ते करा, पण पोरगी, तू सांग, दूध किती उरलं?'

आतून उत्तर यायच्या आधीच हेडक्लार्कांच्या तोंडून निसटलं, 'अठ्ठावीस!' झटकन पडद्यामागून, 'चूक, काका! दुसऱ्यांदा काढताना नुसतं दूध कुठे निघतं? त्यात पाणी पण असतं! एकोणतीस पूर्णांक सोळा!' हेडक्लार्कांचा चेहरा पडला. कचेरीत उभी हयात गेली, पण तोंडावर चूक कुणी म्हटलं नव्हतं! किटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, 'पुढचं वाचा.'

बस, त्या दिवसापासून हा माणूस रोज हजर. दूध एक लिटर झालं. नखावर थेंब धरणारी बाई पण येऊन उत्तरं द्यायला लागली, तिचं तर चुकूनसुद्धा बरोबर येईना. मी वाचतोय, बाहेरून चार उत्तरं, आतून एक, आणि आतलं बरोबर! आता मी वाचता वाचता शिव्या घालायचो दूधवाल्याला, 'घाल मेल्या, घाल, तुझी भांडी नासोत', आणि सगळी गल्ली म्हणायची, 'नासोत!' माझ्याच दुकानात माझ्याच जातभाईला शाप. इतकं ओशाळवाणं वाटायचं मला. पण पोरगी घसरेना झाली. आकडा ऐकला की थांबायची, तोलायची, मग बोलायची.

परीक्षा झाली. मिश्रणाची गणितं आली, सगळी बरोबर आली, आणि पोरीचा नंबर लागला! अहो, लागला नंबर! हेडक्लार्कांनी गल्लीभर असं सांगितलं, जणू पेपर त्यांनीच दिला होता. मी त्या पुस्तकाला दोरी बांधली आणि माळ्यावर फेकलं. म्हटलं, संपलं. आता पोरगी मोठ्या कॉलेजात मोठं काहीतरी शिकेल, आता दुधाचं नाव नाही.

पहिलंच प्रॅक्टिकल कशाचं होतं? बोला! दुधातलं पाणी ओळखा! काचेची नळी असते ती, लॅक्टोमीटर, दुधात सोडायची, किती बुडते बघायचं. प्रत्येकानं घरून दूध आणायचं. हिनं आपलं नेलं. पाणी आलं शून्य. त्यांचे सर म्हणाले, 'शून्य कसं येईल? परत कर.' परत शून्य. तिसऱ्यांदा शून्य! मला घरी आल्यावर सांगितलं, माझी छाती ही एवढी झाली. तर पोरगी रडवेली. 'बाबा, सर म्हणतात प्रयोगच होत नाही तुझ्या दुधावर. उद्या घरच्यांना मुद्दाम थोडं पाणी घालून द्यायला सांग, तुला न सांगता किती घातलं ते त्यांनी मला फोनवर कळवायचं, मी ताळा घेईन. नाही तर प्रॅक्टिकलला भोपळा.'

मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, 'घाला.' मी म्हटलं, 'तू घाल.' ती म्हणाली, 'दूधवाले तुम्ही.'

सकाळी पोरीला बाहेर पाठवलं. पडदा लावला. पुसलेलं कोरडं भांडं घेतलं. नऊ पेले दूध घातलं, आणि मग एक पेला पाणी हातात धरून उभा राहिलो. हात पुढे जाईना हो! वडिलांचा फोटो भिंतीवर, त्याला पाठ केली, तरी जाईना. बायको म्हणते, 'अहो, विष नाही ते, नळाचं पाणी आहे! ओता!' डोळे मिटले. ओतलं. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत भिरकावलं आणि बाहेर येऊन धाडकन स्टुलावर बसलो. फोन आला कॉलेजातून. 'किती घातलंत?' मी म्हटलं, 'दहा टक्के.' आयुष्यात एवढ्या हळू आवाजात मी बोललो नव्हतो.

संध्याकाळी दुकानात गल्लीत नवीनच बिऱ्हाड केलेले एक गृहस्थ उभे, पहिल्यांदाच आलेले, दोन लिटरचं रोजचं लावायचं म्हणत होते. पोरगी मागच्या दारानं घरात आली, पिशवी टाकली, आणि पडद्यामागून तोच खणखणीत आवाज, 'बाबा, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी! पण नळीवर सातच टक्के आलं! सर म्हणाले, मुलीचा प्रयोग बरोबर, वडिलांनी मापात मारलं! आणि त्यावर वर्गाला गणित घातलं. ऐका! एक अप्रामाणिक दूधवाला दहा टक्के पाणी घातलं असं सांगून प्रत्यक्षात सातच टक्के घालतो, तर त्याने किती टक्के फसवलं?'

आणि सवय हो, मेली सवय! माझ्या तोंडून निघून गेलं, 'तीस टक्के!'

'शाब्बास बाबा! मिनिटाच्या आत!'

मान वर केली. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि आपलं भांडं काखेत मारून चालते झाले. मी काही ओरडलो नाही. गणित आहे, म्हणून सांगणार कुणाला? आणि या वेळी सांगणार तरी काय? शेवटी पाणी घालणारा कोण? दूधवाला!